फ्लॅनेलच्या बंड्या आणि गिलरेचे चित्र

जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचे ‘फ्लॅनेल-आर्मर’ हे चित्र गेल्या आठवड्यात मी अनेकदा पाहिले आणि दर वेळी अस्वस्थ झाले. ते नोव्हेंबर १७९३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. ब्रिटन त्याच वर्षी फ्रान्सविरुद्धच्या युद्धात उतरला होता, ड्यूक ऑफ यॉर्क या ब्रिटिश राजपुत्राचे सैन्य फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या परिसरात, होते आणि हिवाळा तोंडावर आल्यामुळे शिपायांना फ्लॅनेलच्या, म्हणजे जुन्या मराठीत ज्याला फलालीन म्हणत त्या उबदार कापडाच्या, बंड्या पुरवण्यासाठी वर्गण्या जमू लागल्या होत्या. त्यात स्त्रियांनी पुढाकार घेतला.

चित्रात या स्त्रिया अर्धवट कपड्यांतल्या शिपायांच्या अंगावर स्वतःच्या हातांनी गरम कपडे चढवत आहेत, आणि त्यांच्या देशप्रेमाआड पुरुषदेहाची ओढ दडलेली आहे, असे चित्रकार उघडपणे सुचवतो. आयझॅक क्रुकशँकनेही त्याच सुमारास हाच विषय घेतला.

गिलरे मला थोर चित्रकार वाटतो, म्हणूनच हे अधिक लागते. त्याच वर्षी द लूथरबर्ग या चित्रकारासोबत तो स्वतः फ्लँडर्सला जाऊन सैन्याची रेखाटने करून आला होता. ते शिपाई त्याने जवळून पाहिले होते. राजावर आणि मंत्र्यांवर तुटून पडणाऱ्या या माणसाने, सैन्याच्या अंगावरचे कपडे लोकवर्गणीतून का यावेत, हा प्रश्न इथे चित्राच्या मध्यभागी आणायला हवा होता. त्याने तिथे शिवणाऱ्या बायका आणल्या. चित्र विकणारी हॅना हम्फ्री स्वतः आपले दुकान चालवणारी स्त्री होती, याचेही मला वाईट वाटते. पुढे १७९४-९५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या नद्या गोठल्या आणि माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्यातली कित्येक माणसे थंडीने व आजाराने दगावली.

१९६२ मध्ये आपले जवान पुरेशा गरम कपड्यांवाचून हिमालयात लढत होते, तेव्हा देशभर बायकांनी त्यांच्यासाठी स्वेटर विणले. माझी आजी त्यांतलीच एक. जवानाचे माप कोण सांगणार, म्हणून ती आजोबांना दारात उभे करून सुयांवरचे विणकाम त्यांच्या पाठीला लावून पाहत असे.