स्वयंचलित गाडीला पुण्यात वळण लावण्याचे उपाय

भाच्याने नवी गाडी घेतली. तिला कॅमेरे आहेत, रडार आहे, पुढच्या गाडीशी अंतर राखून ती आपली आपण पळते. "मामा, बघ माझा पाय कुठे आहे," असं तो म्हणाला. मी त्याचा पाय बघायला वाकलो आणि त्याच क्षणी गाडी ताशी पन्नासने एका स्पीडब्रेकरवर चढली. रडारला तो दिसला नाही, कॅमेऱ्याला दिसला नाही. भाच्यालाही दिसला नाही, कारण आदल्या आठवड्यापर्यंत तो तिथे नव्हताच.

शेकायची पिशवी कमरेखाली घेऊन पडल्या पडल्या मी बराच विचार केला. चालकाविना गाड्या देशात येऊ देणार नाही, चालकांच्या पोटावर पाय येईल, असं नितीन गडकरी डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात म्हणाले होते. ठीक आहे. पण अर्ध्या शहाण्या गाड्या भाच्यांमार्फत घरात शिरल्याच आहेत. उरलेला अर्धा शहाणपणा येण्याआधी आपल्या शहराने तयारीत राहायला हवं. म्हणून नागरिकांच्या सोयीसाठी काही सूचना.

पहिली सूचना स्पीडब्रेकरची. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. तिने मापं लिहून ठेवली आहेत: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, म्हणजे ताशी 25 ने आलेली गाडी अलगद वर चढून अलगद उतरते. वर काळे-पांढरे पट्टे, अलीकडे फलक. या लोकांना हौसच नाही. तुम्ही असलं काही करू नका. स्पीडब्रेकर रात्री साडेअकरानंतर बांधा, उरलेल्या डांबराचा बांधा आणि डांबर संपेल तिथे थांबा. रंग लावू नका, रंगाची निविदा वेगळी असते. वळण संपता संपता, झाडाच्या सावलीत, बंद दिव्याच्या खांबाखाली अशी जागा निवडा. डांबर नसेल तर ते पिवळे-काळे प्लॅस्टिकचे तुकडे बोल्टने ठोका. दोन महिन्यांत मधले तुकडे उडतात आणि बोल्ट तेवढे उभे राहतात, ते टायरसाठी. तेही नसेल तर रंबलरच्या आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या, एकामागोमाग एक सहा, म्हणजे गरोदर बाईला रिक्षात बसवताना घरच्यांनी देवाचं नाव घ्यावं. अपघात झाला की स्पीडब्रेकर बांधायचा, स्पीडब्रेकरवर अपघात झाला की तो उखडायचा आणि उखडलेली जागा तशीच सोडायची. खड्डाही वेग कमी करतोच की. कोणी बांधला असं विचारायला गेलात तर पथ विभाग म्हणतो आम्ही नाही, सोसायटी म्हणते आम्ही फक्त अर्ज दिला होता, आणि माननीय नगरसेवकांच्या कार्यालयात त्याच्या उद्घाटनाचा फोटो लावलेला असतो. चारचाकीतल्या माणसाची कंबर जाते. दुचाकीवर मागे एका अंगाला बसलेली बाई जाते. 2015 या एका वर्षात खड्डे, स्पीडब्रेकर आणि अर्धवट पडलेली रस्त्यांची कामं यांनी मिळून देशात 10,000 हून अधिक माणसं मारली, हा हिशोब सरकारचाच आहे. त्यातला एकही स्पीडब्रेकर बांधणारा कधी कोर्टात उभा राहिलेला मी तरी पाहिला नाही.

असो. सूचना देत होतो.

झेब्रा पट्टे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रंगवा.

लेनच्या रेषा तर मुळीच नकोत. ही गाडी रेषा बघून सरळ चालते. रेषाच नसली की ती बापडी गप्प बसते आणि सुकाणू माणसाच्या हाती येतं. म्हणजे आपण जिंकलो.

राँग साइडने येताना समोरच्यावर डोळे वटारा. यंत्राला त्यातलं काही कळणार नाही, पण सवय मोडू नये.

चौकातल्या वागण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे आपण जगाच्या पुढे आहोत. नेदरलँड्समधल्या ड्राख्टेन गावात हान्स मोंडरमन नावाच्या अभियंत्याने मुख्य चौकातले सिग्नल काढून टाकले. नियम कमी दिसले की माणसं सावध होतात, वेग कमी करतात आणि नजरेला नजर देऊन एकमेकांना वाट देतात, असं त्याचं म्हणणं. ते खरं ठरलं आणि परदेशातून लोक तो चौक बघायला गेले. आपण सिग्नल न काढताच एवढी मजल मारली आहे. राहिला फक्त नजरेचा भाग. पुण्यात चौकात शिरताना बाजूला बघायचं नसतं. बघितलंत की समोरच्याला कळतं, याने आपल्याला पाहिलं आहे, आता हाच थांबेल. जो बघतो तो हरतो. आणि यंत्र तर चहूबाजूंनी बघतं, क्षणभरही डोळा मिटत नाही. ते कायमचं हरलेलं आहे. नळ स्टॉपला संध्याकाळी सात वाजता अशी एक गाडी सोडा, दिवाळीलाही तिथेच सापडेल.

बॅरिकेडचंही तसंच. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 2023 साली चिडलेल्या लोकांनी शोधून काढलं की चालकाविना गाडीच्या बॉनेटवर रस्त्यावरचा नारंगी शंकू ठेवला की ती जागची हलत नाही. एका शंकूने! आपल्याकडे माणूस गाडीतून उतरतो, शंकू उचलून बाजूला ठेवतो, निघून जातो आणि मागच्या चाळीस जणांना तो रस्ता खुला झाल्याचं वाटतं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्येच 2024 च्या उन्हाळ्यात वेमो कंपनीच्या चालकाविना चालणाऱ्या रिकाम्या टॅक्सी पहाटे चार वाजता वाहनतळावर एकमेकींना हॉर्न मारत होत्या. शेजाऱ्यांची झोप उडाली, तक्रारी झाल्या, कंपनीने दुरुस्ती केली. यंत्र अगदी आपल्यात यायला निघालं होतं. उगाच सुधारलं.

वाहतूक आणखी संथ करायची गरज आहे का, असा प्रश्न काही जण विचारतील. शहरांतल्या वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या यादीत पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांमध्ये चौथं आलं. 10 किलोमीटरला सरासरी 33 मिनिटं. तरी अपघात होतातच. याचं रहस्य असं, की आपण दोन सिग्नलच्या मधल्या तीनशे मीटरमध्ये साठने जातो आणि मग चार मिनिटं उभे राहतो. सरासरी बिघडत नाही.

आता पादचाऱ्यांबद्दल. त्यांच्यासाठी सूचना नाही, कारण त्यांना जागाच नाही. 2018 मध्ये अमेरिकेत टेंपी इथे उबरची चाचणीवरची स्वयंचलित गाडी एका बाईवर गेली. रात्रीची वेळ, ती सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. चौकशीत निघालं की झेब्रा सोडून मधेच रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा त्या प्रणालीत विचारच केलेला नव्हता. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या यंत्राची ओळख पटली. आपल्या रस्त्यांच्या आराखड्यातही चालणारा माणूस नाही. फूटपाथवर दुचाक्या, विजेची डीपी, टपरी, मंडळाचा मांडव आणि फ्लेक्सच्या बांबूची भोकं. मग माणूस रस्त्यावर उतरतो आणि रस्त्यावर उतरला म्हणून तुम्ही त्याच्या कानाशी हॉर्न मारता.

तुम्ही. गाडीचं सॉफ्टवेअर नाही, तुम्ही. लाल दिवा असताना झेब्राच्या पुढे चाक नेऊन उभे राहता, ते सॉफ्टवेअर नाही. साठीच्या बाई पिशवी घेऊन दुभाजकावर अडकलेल्या दिसतात आणि तुम्ही वेग वाढवता, ते सॉफ्टवेअर नाही. पोराला मागे बसवून, त्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही, राँग साइडने शाळेपर्यंत जाता आणि पालकसभेत उभं राहून मागणी करता की शाळेसमोर स्पीडब्रेकर हवा, लोक फार जोरात चालवतात. लोक म्हणजे कोण हो? त्या गल्लीत सकाळी पावणेआठला पालकांशिवाय दुसरं कोण असतं?

स्पीडब्रेकर तुमच्यासाठीच मागवलेला आहे. मागणारे तुम्हीच, आणि तो बेमाप बांधून झाल्यावर गप्प बसणारेही तुम्हीच. तक्रार करा, फोटो काढा, त्या माननीयांना फोन लावा, मत मागायला येतील तेव्हा विचारा. आणि उद्या सकाळी शाळेच्या दारात गाडी तिरकी लावून "दोनच मिनिटं" म्हणू नका. मागे स्कूल बस अडकते. त्यातही पोरंच असतात, दिसत नाहीत का?