जॉर्जियाची वाईन ही मधुमेहाची गोळी नाही

सध्या आमच्या नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: जॉर्जिया देशात काखेती नावाच्या भागात आठ हजार वर्षांपासून मातीच्या रांजणात वाईन करतात. ती संत्र्यांची असते, म्हणून रंगही संत्र्याचा. मातीत मुरल्यामुळे तिच्यात साखर राहत नाही आणि अल्कोहोलही राहत नाही. तिथले लोक रोज पितात आणि शंभरी गाठतात. मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री एक पेला घ्यावा, तीन महिन्यांत गोळी सुटते. शेवटी सल्ला: नागपूरकरांकडे संत्री आहेत, माठ आहेत, घरीच करा.

मानेवाड्याच्या आमच्या मामांना साखर आहे, वय सत्तरीच्या पुढे. परवा त्यांचा फोन आला, "हे खरं असंन तर मी या गोळ्या कायले खाऊन राह्यलो?" म्हणून हे लिहितोय, आणि सगळ्यात आधी गोळीचंच.

मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. जेवणाला उशीर झाला आणि रक्तातली साखर उतरू लागली की यकृत साखर सोडून सांभाळून घेतं. पण पोटात अल्कोहोल गेलं की यकृत ते निस्तरण्यात गुंततं आणि नवी साखर तयार करण्याचं काम मागे पडतं. त्यामुळे रात्रीच्या पेल्याचा परिणाम कित्येक तासांनी, झोपेत, पहाटे दिसू शकतो. घाम, थरथर, बरळणं, मग शुद्ध हरपणं. घरच्यांना वाटतं चढली आहे, झोपू द्या. खरं तर शुद्ध असेल तर त्या क्षणी तोंडात साखर घालायची असते, आणि नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा असतो. गोळी डॉक्टरांना न विचारता सोडली, तर उलटा धोका. साखर वाढत राहते, दुखत काहीच नाही, आणि डोळे, किडनी, पाय आतून खराब होत जातात. "पेला घ्या आणि गोळी सोडा" या एका वाक्यात दोन्ही धोके आहेत. असं वाक्य पुढे पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, मग ते कितीही जवळचे असोत.

"थोडी घेतली तर हृदयाला चांगली" असंही त्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की, आरोग्याला सुरक्षित म्हणावं असं अल्कोहोलचं कोणतंच प्रमाण नाही. कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ते तंबाखूच्या सोबत बसतं. ते महागड्या वाईनमधून आलं की देशी दारूतून, याने काही बदलत नाही. मातीच्या रांजणातून आलं तरीही नाही.

आता साखरेचं. इथे अर्धं खरं आहे, ते मान्य. रकात्सितेली हे काखेतीचं मुख्य पांढरं द्राक्ष. त्याच्या कोरड्या वाईनमध्ये साखर फारच थोडी उरते. पण ती जाते कुठे? यीस्ट तिचंच अल्कोहोल करतं. साखर गेली म्हणजेच अल्कोहोल आलं, साधारण १२ ते १३ टक्के, साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. माती ते शोषून घेत नाही. शिवाय फॉरवर्डला जोडलेल्या फोटोतल्या बाटलीवर किंदझमराऊली असं नाव आहे. ती काखेतीचीच, पण सापेरावी या काळ्या द्राक्षाची लाल वाईन, आणि ती मुद्दाम गोडसर ठेवतात. आंबणं पूर्ण होण्याआधी थंड करून थांबवतात, म्हणून द्राक्षाची साखर तिच्यात उरते. "साखर नाही" या दाव्यासोबत फोटो लावला तो नेमका या बाटलीचा.

संत्र्यांशी या वाईनचा काही संबंध नाही. एरवी पांढरी वाईन करताना रस काढून साली बाजूला करतात. काखेतीत पांढरी द्राक्षं चेचून रस, साली, बिया आणि पुष्कळदा देठांसकट क्वेव्री नावाच्या रांजणात भरतात आणि पाच-सहा महिने तसंच ठेवतात. तो नारिंगी रंग आणि तुरटपणा सालींतून आणि बियांतून उतरतो. पश्चिमेकडच्या इमेरेतीत त्सित्स्का, त्सोलिकौरी ही द्राक्षं वापरतात, साली थोड्याच घालतात, देठ घालत नाहीत, त्यामुळे तिथली वाईन हलकी आणि फिकी. एकाच देशात दोन रीती. पुढे पाठवायचंच असेल तर हे पाठवा.

आठ हजार वर्षांचं मात्र खरं आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तितक्या जुन्या खापरांवर टार्टारिक आम्लाचे, म्हणजे द्राक्षाच्या वाईनची खूण समजल्या जाणाऱ्या आम्लाचे, अंश सापडले. फक्त ती जागा काखेतीत नाही, राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला आहे. क्वेव्रीची पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेली. पण जुनं आहे म्हणून औषध ठरत नाही.

शंभरीचं थोडक्यात. झोरेस मेदवेदेव या जीवशास्त्रज्ञाने १९७४ मध्येच दाखवलं होतं की, कॉकेशसमधल्या (जॉर्जिया ज्यात येतो त्या डोंगराळ भागातल्या) अतिवृद्धांकडे जन्माचे धड दाखले नव्हते, आणि सैन्यभरती चुकवायला काहींनी वडिलांची कागदपत्रं वापरली होती. जॉर्जियातलं आजचं सरासरी आयुर्मान पंचाहत्तरीच्या आसपास आहे.

राहिला माठ. आपला माठ पाणी गार करतो ते पाझरतो म्हणून. क्वेव्री पाझरू नये म्हणून तिला आतून मधमाशीचं मेण लावतात, आणि तापमान स्थिर राहावं म्हणून गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. स्वयंपाकघरातल्या उघड्या माठात, नागपूरच्या ४५ अंशांत, हवा लागून रसाचं व्हिनेगर होईल किंवा बुरशी धरेल. आंबणारा रस बाटलीत घट्ट बंद केला तर गॅस साठून बाटली फुटते. संत्र्यात वाईनच्या द्राक्षांपेक्षा साखर बरीच कमी आणि आंबटपणा जास्त, त्यामुळे जे तयार होईल ते काखेतीसारखं लागणारही नाही. आणि परवान्याशिवाय घरी दारू करणं १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. कळमन्याहून आणलेल्या संत्र्यांची केली तरी तो गुन्हाच.