निलगिरीच्या दिव्याने डेंग्यू पळतो म्हणे!

पावसाळा लागला की दादरपासून दहिसरपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा फॉरवर्ड फिरू लागतो. तिन्हीसांजेला दिव्यात निलगिरी तेल आणि कापूर जाळा, डेंग्यूचे डास आणि घरातले सगळे जंतू मरतात. पायांना गुडघ्यापर्यंत खोबरेल चोळा, कारण हा डास त्याच्या वर उडत नाही. सगळं नैसर्गिक, म्हणून तान्ह्या बाळालाही चालतं.

गुडघ्याचं आधी उरकू. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी घोटे-पोटऱ्यांना जास्त चावते, एवढं खरं. पण मान, दंड उघडे मिळाले तर तेही सोडत नाही. टॉवरच्या वरच्या मजल्यांवर, कुंडीखालच्या थाळीतही तिच्या अळ्या सापडतात, त्या काय जिना चढून गेल्या?

दिव्याची वेळही चुकली. ही मादी दिवसा चावते, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताआधी. दिवेलागणीपर्यंत पोरं शाळेत, खाली खेळताना चावून घेऊन आलेली असतात.

निलगिरीच्या दाव्यात मात्र थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवा. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी डास दूर ठेवायला सुचवते ते लेमन युकॅलिप्टसचं तेल, त्यातला कामाचा घटक पीएमडी. ते झाड वेगळं, तेलावरची प्रक्रियाही वेगळी. आपण सर्दीला हुंगतो त्या बाटलीत मुख्यतः सिनिओल असतं. शिवाय पीएमडीवालं तेलसुद्धा तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका, असं सीडीसीच सांगते. सिट्रोनेला, म्हणजे गवती चहासारख्या गवताचं तेल, त्याची तऱ्हा वेगळी. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2002 साली एक चाचणी छापून आली. स्वयंसेवकांनी डासांच्या पिंजऱ्यात हात घातले. 23.8 टक्के डीईईटी (डास दूर ठेवणारं रसायन) सुमारे पाच तास टिकलं, सिट्रोनेलाची बहुतेक उत्पादनं वीस मिनिटंही नाहीत. तेल उडून जातं ना! ज्या वासाने डास चकतो, तो वास म्हणजेच कातडीवरून निघून चाललेलं तेल. आणि चकणं म्हणजे मरणं नव्हे.

जंतूंचं म्हणाल तर ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल बॅक्टेरिया मारतात, यात वाद नाही. पण तिथे दाट तेल जंतूंना थेट भिडलेलं असतं, खोलीभर विरलेल्या धुराला ते जमत नाही. डेंग्यूचा विषाणू तर डासाच्या लाळेतून थेट आपल्या अंगात शिरतो, दिव्याशी त्याची गाठच पडत नाही.

बाळाचं वाचून मात्र संताप येतो. कापूर किंवा निलगिरी तेल थोडंसं पोटात गेलं तरी लहान मुलांना आकडी येऊ शकते. देवघराच्या खालच्या फळीवरची कापराची डबी आजच वर ठेवा. नैसर्गिक तर धोतराही आहे.

मग करायचं काय? पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं दारात येतात तेव्हा फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरची ताडपत्री, टाकीचं झाकण बघतात, ते उगाच नाही. दिवसा फुल बाह्यांचे कपडे, झोपलेल्या बाळाला दुपारीही मच्छरदाणी. आणि आठवड्यातून एकदा पिंप, थाळ्या, ट्रे रिकामे करून काथ्याने कडा घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात, महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाणी लागलं की फुटतात.