चीक, वार आणि ‘सात दिवसांची ताकद’

दादर-गिरगावात खरवसाला मोठी मागणी असते, त्यामुळेच बहुधा चिकाविषयीचा, म्हणजे गाय-म्हैस व्यायल्यावरच्या पहिल्या दुधाविषयीचा, एक संदेश मोबाइलवरून सतत पुढे पाठवला जातो. त्यात चार विधाने आहेत: चिकाची ताकद सात दिवस सारखीच राहते, वार (गर्भाला पोसणारा, व्यायल्यावर बाहेर पडणारा अवयव) पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, जाड, पिवळाधमक चीकच उत्तम, आणि खरवसातून माणसाला प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) मिळतात. ही चारही विधाने चुकीची आहेत आणि दुसरे तर वासराच्या जिवावर बेतणारे आहे.

गाईच्या रक्तातील प्रतिपिंडे व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत कासेत साठतात. व्यायच्या सुमारास ही भर थांबते. पहिल्या धारेच्या चांगल्या चिकात लिटरमागे 50 ग्रॅम किंवा अधिक इम्युनोग्लोब्युलिन जी हे मुख्य प्रतिपिंड असते, दुसऱ्या वेळी ते बरेच उतरते आणि काही दिवसांत साध्या दुधाच्या पातळीला, म्हणजे लिटरमागे सुमारे 1 ग्रॅम किंवा त्याहून कमी, येते. धार काढायला उशीर केला तरीही प्रमाण घटत जाते.

वारेचा मुद्दा सविस्तर पाहिला पाहिजे. मानवी गर्भाला आईची प्रतिपिंडे वारेतून मिळतात. गाईच्या वारेतून ती जात नाहीत, म्हणून वासरू जवळजवळ प्रतिपिंडांविना जन्मते. ती अख्खीच्या अख्खी रक्तात शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता तासातासाने घटते आणि सुमारे 24 तासांत संपते. त्यामुळे पहिल्या दोन ते चार तासांतच, वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे 30 किलोच्या वासराला सुमारे 3 लिटर चीक मिळायला हवा. वार पडायला कित्येकदा 8 ते 12 तास लागतात. तोवर थांबणे म्हणजे सर्वांत मोलाचा वेळ वाया घालवणे होय. शिवाय वासरू सड ओढते तेव्हा गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, त्याने गर्भाशय आकुंचन पावते. म्हणजे पाजण्याने वार अडकत नाही, उलट ती सुटायला मदतच होते. वार 24 तासांतही पडली नाही तर पशुवैद्याला बोलवावे, वासराला मात्र उपाशी ठेवू नये.

पिवळेपणा मुख्यतः कॅरोटीन या रंगद्रव्याचा असतो; मुंबईच्या तबेल्यांत बहुसंख्य असलेल्या म्हशींचा चीक तितका पिवळा नसतो, म्हणून तो निकस ठरत नाही. गाईच्या चिकाची प्रत ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर या द्रवात विरघळलेले घटक मोजणाऱ्या छोट्या उपकरणावर तपासता येते. 22 किंवा अधिक वाचन आले तर तो चांगला समजतात.

राहिला खरवस. वाफेवर चिकातली प्रथिने गोठतात म्हणूनच तो घट्ट होतो, आणि गोठणाऱ्या प्रथिनांत ही प्रतिपिंडेही असतात. त्यांची मूळ रचना मोडल्यावर ती रोगजंतूंना धरू शकत नाहीत. खरवस प्रथिने आणि कॅल्शियम देणारा पदार्थ आहे, तो आवडीने खावा. मात्र दूधवाल्याकडे पहिल्या धारेचा आग्रह धरू नये, कारण ती वासराला हवी असते आणि दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही खरवस होतो, फक्त त्यात दूध कमी घालावे लागते.