चकमध्ये गोल, हातात तिकोनी: ‘जुना टर्नर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया काल शॉपवर चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवली. दोघांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरबसल्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं कटिंग मशीन, शिकण्यावर मी लेख लिहिला होता. त्यावर काकांचं म्हणणं असं: व्हिडिओ बघून आलेल्या पोरांना जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) तोंडपाठ असतात, पण मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) धरता येत नाही. त्यांचा प्रोग्राम हवेतच रेंगाळतो. पातळ रिंग दिली तर ती ‘चकमध्ये गोल, हातात तिकोनी’ करून आणतात (चक म्हणजे मशीनवर तुकडा धरून फिरवणारी पकड). आणि ‘तीन महिन्यांत शिका’ असं लिहून माझ्यासारखे लोक गरिबाच्या पोराचे सहा हजार फीपायी घालवतात; त्यापेक्षा अप्रेंटिस करायला सांगा.

‘तीन महिन्यांत’ हे शब्द मी आज लेखातून काढले. त्यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तीन महिन्यांत प्रोग्राम वाचता येतो, लिहिताही येतो. सेटिंग, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) आणि टूल मशीनवर बसवून मापं जुळवणं, येत नाही. दोन्हीला मी एकच ‘शिकणं’ म्हटलं, ही चूक माझी.

रिंगचं मात्र जरा सविस्तर बोलू, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे आणि पुष्कळांना ते नुसतं टोमण्यासारखं वाटलं असेल. तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये पातळ रिंग आवळली की ती तीन ठिकाणी आत दबते. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर केला (आतलं भोक कापलं) की बोअर अगदी गोल येतो. चक सोडला की रिंग मूळ आकाराला परत येते आणि बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. गंमत पुढे आहे. हा दोष व्हर्नियरला दिसत नाही, डायल बोअर गेजलाही सहसा दिसत नाही. दोन्ही समोरासमोरच्या दोन बिंदूंवर मोजतात, आणि तिकोनी बोअरमध्ये एकीकडे उंचवटा असेल तर बरोबर समोर खोलगा असतो. म्हणून माप सगळीकडून सारखंच भरतं. रिपोर्ट ओके, आणि प्लग गेज (भोक तपासायचा दंडगोल) आत जात नाही! कुठल्याही सिम्युलेटरमध्ये रिंग दबत नाही, काका. तिथला जॉब आणि चक दोन्ही दगडाचे असतात.

असंच दुसरं उदाहरण, माझ्याकडून. कोर्समध्ये जी ९६ शिकवतात: कटिंग स्पीड कायम, व्यास कमी होईल तसे आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढणार. हिशोब सोपा आहे. स्पीड मिनिटाला १८० मीटर धरला तर ६० मिलिमीटर व्यासावर साधारण ९५५ आरपीएम, १० वर ५,७३०, आणि फेसिंग (जॉबचं तोंड सपाट कापणं) करत मध्यापर्यंत गेलात की मशीनची कमाल जितकी असेल तितके. स्क्रीनवर फेस सुरेख निघतो. प्रत्यक्षात चकमध्ये एका बाजूला जड असलेलं कास्टिंग असतं आणि वेग वाढतो तसे जॉ बाहेर फेकले जाऊन पकड ढिली होत जाते. जी ५० लिहून आरपीएमला वरची मर्यादा घातली नाही तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. कोर्समध्ये ती ओळ असते, नाही असं नाही. पण ती परीक्षेतल्या एका मार्काची ओळ असते, भीतीची नसते.

शिवाय या व्हिडिओंमध्ये कापतात ते बहुतेक ॲल्युमिनियम, आणि अमेरिकन असले तर इंचांत. आम्ही कोल्हापूरवाले. आमच्याकडे जॉब शिरोलीच्या फाउंड्रीतून येतो. वर कडक कातडी, कुठे रेती चिकटलेली, पातळ कडेला चिल (लवकर थंड होऊन कडक झालेला भाग). पहिला कट त्या कातडीच्या खालून घ्यायचा, वरवर खरवडत बसलं की टूलची टीप गेलीच. हाताला काळी पूड लागल्याशिवाय हे कळत नाही. तुमचं म्हणणं इथवर सगळं मान्य.

आता अप्रेंटिसचं. कायदा १९६१ चा आहे, कल्पना उत्तम आहे. पण मी स्वतः टर्नर ट्रेडचा आयटीआय करून ज्या शॉपमध्ये उभा राहिलो, तिथे पहिलं वर्षभर मी काय केलं? चिप्स काढल्या, बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) घासले, जॉब मोजून पेटीत लावले. फानुक या कंपनीच्या कंट्रोलरच्या पॅनेलवर मेमरी प्रोटेक्टची एक चावी असते. ती फिरवल्याशिवाय प्रोग्राममध्ये अक्षर बदलता येत नाही. आमच्या सेटरच्या शर्टाच्या खिशात ती चावी असायची, घरी जातानासुद्धा. ऑफसेटचं (टूलच्या मापांचं) पान उघडलं की तो स्क्रीनसमोर असा उभा राहायचा की मला त्याची पाठच दिसावी. विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘बघून शीक.’ काय बघून? पाठ?

मग रात्री खोलीवर मोबाइलवर शिकलो. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची मॅन्युफॅक्चरिंगची लेक्चर्स फुकट होती, अर्धी कळली. एनसी व्ह्यूअर या वेबसाइटवर प्रोग्राम टाकून टूलचा रस्ता बघत बसायचो. जी ४१ आणि जी ४२ (टूल रेषेच्या डाव्या की उजव्या बाजूने न्यायचं) मधला फरक मला तिथे कळला, शॉपवर नाही. फानुकवर एक्स ५० लिहून दशांश चिन्ह विसरलं तर बऱ्याच सेटिंगमध्ये मशीन ते ५० मिलिमीटरऐवजी ५० मायक्रॉन (०.०५ मिलिमीटर) समजतं, हेही तिथेच कळलं. खिशातली चावी त्या कोर्सने मला दिली. तुमच्यासारखा सांगणारा माणूस मला भेटला असता तर कदाचित मीही तुमच्याच बाजूने लिहिलं असतं.

आणि हो, मीही मशीन ठोकलंय. व्हीएमसीवर (टूल वरून खाली येणाऱ्या मिलिंग मशीनवर) पहिल्यांदा एकट्याने प्रोग्राम लावला, टूल सहावं आणि टूलची लांबी घेणाऱ्या जी ४३ पुढे पाचव्याचा एच ०५. पाचवं टूल ११२ मिलिमीटरचं, सहावं ड्रिल १६८ चं. मशीनला वाटलं टूल छोटं आहे, म्हणून ते ५६ मिलिमीटर जास्त खाली गेलं. ड्रिल गेलं, जॉब धरणाऱ्या व्हाइसला भोक पडलं, पगारातून किती कापले ते राहू दे. कोर्समध्ये मी जी ४३ शंभरदा लिहिला होता, पण प्रत्येक उदाहरणात टूल एकच होतं.

त्यानंतर नाइटच्या एका ऑपरेटरने, जो आयटीआयसुद्धा नव्हता, मला एक सवय लावली. नवीन टूल प्रथम खाली येताना सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, रॅपिड (हवेतली वेगवान हालचाल) २५ टक्क्यांवर, आणि डोळे डिस्टन्स टू गोवर, म्हणजे अजून किती अंतर जायचंय त्या आकड्यावर. टूल जॉबच्या वर बोटभर आलं की फीड होल्ड (हालचाल थांबवायचं बटण). स्क्रीनवर अजून ७० जायचंय आणि डोळ्याला अंतर १५ दिसतंय, तर सायकल स्टार्टवरचं बोट काढायचं. एवढंच. मी पाहिलेल्या सहा कोर्सेसपैकी एकातही हे नव्हतं.

‘प्रोग्राम हवेत रेंगाळतो’ याबद्दल मात्र पोरांची बाजू घेतो. ती बहुतेक फ्यूजन ३६० या डिझाइन आणि प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती वापरतात. २०२० पासून त्या आवृत्तीत रॅपिड मिळत नाही. हवेतल्या हालचालीही जी ०१ ने, फीडवर, म्हणजे कापायच्या संथ वेगाने होतात. टूल बदलही आपोआप निघत नाही. पोरगा ढ नाही, लायसन्स फुकटचं आहे. तुमच्याकडे पुन्हा असा कुणी आला तर त्याला हवेतल्या ओळी हाताने जी ०० (रॅपिड) करायला लावा. करताना त्याला क्लॅम्प कुठे आहेत ते आपोआप बघावं लागेल.

फीबद्दल: नोकरीची हमी देणाऱ्या कोर्सला पैसे देऊ नका, हे मी लेखात आता सुरुवातीलाच टाकलंय. फुकट आहे ते आधी संपवा, असंही. आणि मायक्रोमीटर स्वतःचा घ्या, सेकंडहँड चालेल. उद्यमनगरात मिळतो. घरातली प्रत्येक वस्तू मोजा, त्याच्या रॅचेटचा (पुरेसा दाब आला की टकटक करणाऱ्या भागाचा) आवाज कानात बसेपर्यंत.

एक विनंती आहे. पातळ रिंगच्या फिनिशिंगला मी चकचं प्रेशर उतरवून, जॉब एकदा सोडून हलकेच परत धरतो, आणि सॉफ्ट जॉ (कापून आकार देता येणारे मऊ जबडे) रिंगच्या बाहेरच्या व्यासाला बोअर करून घेतो, म्हणजे पकड तीन टोकांवर न राहता गोलभर पसरते. तरीही ३ मिलिमीटर भिंतीच्या रिंगला मला भरवसा वाटत नाही. तुम्ही कसं धरता? फेसवरून दाबता का? सविस्तर लिहा. प्रतिक्रियेत राहू देणार नाही, लेखातच घालतो, तुमच्या ‘जुना टर्नर’ या नावानं.