"मुद्दाम नेलं नाही" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

कॅनडातल्या यलोनाइफहून परतल्यावर तुम्ही दिलेला दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. पहिल्या रात्री व्हॅनचा हीटर बंद पडला आणि तुमच्या आईंना त्या थंडीत पाऊण तास काढावा लागला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. चूक आमचीच.

पण "कॅरिबूंचा कळप नकाशावर दिसत असूनही मालकाने मुद्दाम नेलं नाही" हे वाक्य फार लागलं. तुमचं बुकिंग नॉर्दर्न लाइट्सचं होतं. कॅरिबू, म्हणजे इथली रेनडिअरच्या जातीची हरणं, दाखवू असं मी किंवा माझ्या बायकोने कधीही कबूल केलं नव्हतं.

ऑफिसातला तो नकाशा शिकारबंदीचा आहे. इथल्या कॅरिबूंच्या बॅथर्स्ट नावाच्या कळपातल्या काही जनावरांच्या गळ्यात सॅटेलाइट कॉलर असतात. त्यावरून शिकारबंदीचा हा पट्टा आखतात आणि कळप सरकला की पट्टाही सरकवतात. तिथे नुसतं बघायला जायला बंदी नाही, हे तुमचं बरोबर. पण मार्चमध्ये माद्या गाभण असतात. बर्फ उकरून आपल्या दगडफुलाच्या जातीचं काहीतरी खाऊन तग धरतात. गाडी मागे लागली की पळत सुटतात. तुम्ही वर पैसे द्यायला तयार होतात, तरी मी नाही म्हणालो. हे रिव्ह्यूत आलेलं नाही.

"आकडे विमानातून अंदाजपंचे सांगतात" असंही कळपाच्या गणतीबद्दल लिहिलंत. तसं नाही हो. जूनमध्ये माद्या विण्यासाठी एकत्र येतात, तेव्हा कॉलरवरून जागा हेरून विमानातून फोटो काढतात आणि फोटोतलं एकेक जनावर मोजतात. नरांचा आणि न व्यालेल्या माद्यांचा हिशेब त्यात नंतर धरतात. या कळपात 1986 साली सुमारे 4 लाख 70 हजार होते. 2021 मध्ये जेमतेम 6,240. शिवाय 2016 पासून इथले मूळ रहिवासी ट्लीचो लोक कॉन्टवॉयटो तळ्याकाठी तळ ठोकून, पायी फिरून वासरं, लांडगे सगळं नोंदवतात. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच मांस शिजलं, त्यांनी या कळपाची शिकार थांबवली आहे. त्यांच्या शेजारी राहून मी पर्यटकांची व्हॅन कळपामागे कशी लावू?

वेबसाइटवर कळपाचा फोटो आहे, त्याचं काहीतरी करतो. हीटरचंही बघतो. आमचा सीझन छोटा, अशा एका रिव्ह्यूने बुकिंगं थांबतात. स्टार राहू द्या, पण जमलं तर "मुद्दाम" एवढा शब्द काढा.

आईंना नमस्कार सांगा.