‘सेल गेला की इलेक्ट्रो संपला’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार रीळबहाद्दर,

खरं नाव लिहिलं असतंत तर नावाने हाक मारली असती. असो.

‘पहिला रेंजफाइंडर कोणता घ्यावा’ (रेंजफाइंडर म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायचा कॅमेरा) या लेखात मी यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आणि कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री या दोघांत नवशिक्यासाठी इलेक्ट्रोला कौल दिला होता. त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सार असं: इलेक्ट्रोचा सेल गेला की कॅमेरा संपला, कॅनोनेट मात्र सेलशिवायही सगळ्या स्पीडवर चालतो, इलेक्ट्रोत शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहिलं) किती लागला ते कळत नाही, कॅनोनेट हलका आहे आणि फिल्टर लावला तरी त्याचा उजेड मोजणारा मीटर बरोबर वाचतो, ऑलिम्पस ३५ एसपी या तिसऱ्या कॅमेऱ्याचा लेखात उल्लेखच नाही. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘लेखकाने कॅमेरे कपाटात मांडून ठेवण्यापलीकडे काही केलेलं दिसत नाही, आधी थोडा अभ्यास करावा.’

मतभेदाचं मला वावडं नाही. कॅमेऱ्यांवर लिहायचं आणि मतभेद नकोत असं म्हणायचं, हे जमणारच नाही. पण ‘अभ्यास करावा’ हे कोण कोणाला सांगतंय? मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या लेखातलं एखादं वाक्य चुकलं असेल तर ते दाखवा, खोडा, हवं तर टिंगल करा. माझ्या कपाटापर्यंत जायची गरज नव्हती. आणि ‘दिसत नाही’ हा शब्दप्रयोग तर खासच. तुम्हाला काय दिसतं यावर मी काय केलं हे ठरतं का?

आता कपाटाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. माझ्या वडिलांचा मिरजेत स्टुडिओ होता. शाळा सुटली की दप्तर टाकून मी डार्करूममध्ये. लाल दिवा, हायपोचा वास, दोरीवर चिमट्यांना लटकलेली निगेटिव्ह, खाली टपटपणारं पाणी. माझ्या वयाची मुलं गोट्या खेळत होती तेव्हा मी कागद ट्रेमध्ये हलवत होतो. हातात पहिला कॅमेरा आला तो आगफाचा क्लिक थ्री, वन-ट्वेंटीच्या रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. त्यानंतर मामाने कुवेतहून आणलेला इलेक्ट्रो घरात आला आणि नात्यातली बारशी, मुंजी, लग्नं त्याच्यावरच निघाली. कॅनोनेट मी पुढे पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतला, स्वतःच्या पैशाने, आणि त्याच्यावरही भरपूर रोल काढले. तेव्हा कपाट, अभ्यास वगैरे जरा जपून.

बाबांना मीटर लागायचाच नाही. दारात उभं राहून समोरच्या भिंतीवरच्या उन्हाकडे एक नजर टाकायचे आणि ‘एकशेपंचवीसला अकरा’ म्हणून मोकळे व्हायचे. म्हणजे स्पीड १/१२५ सेकंद आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/११; हा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. निगेटिव्ह धुऊन निघाली की बरोबर. तुम्ही म्हणाल, मग हाच तर माझा मुद्दा आहे, मीटर नसला तरी माणूस फोटो काढू शकतो. काढू शकतो, पण ते बाबा होते. माझा लेख आयुष्यात पहिल्यांदा फिल्म भरणाऱ्या मुलामुलींसाठी होता आणि हे लेखाच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं. तिथपर्यंत वाचलं असेल असं मी गृहीत धरतो.

आता सेल. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत दम असलेलं वाक्य हेच एक आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो.

इलेक्ट्रो ३५ आला १९६६ मध्ये. त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक सर्किट चालवतं. तुम्ही अॅपर्चर ठरवायचं, स्पीड कॅमेरा ठरवतो, १/५०० पासून थेट तीस सेकंदांपर्यंत. या सर्किटसाठी ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. पाऱ्याचे सेल बाजारातून गेले. आज त्या जागी सहा व्होल्टचा ४एलआर४४ घालतात. तो लांबीला कमी पडतो म्हणून सोबत स्प्रिंग किंवा छोटा अडॅप्टर बसवतात. या थोड्या जास्त व्होल्टेजने एक्सपोजरमध्ये जाणवण्याइतका फरक पडत नाही, हे मी स्लाइड फिल्मवरही पाहिलंय, आणि स्लाइड फिल्म अर्ध्या स्टॉपचीही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूक पोटात घालत नाही.

सेल मेला तर काय होतं? ‘कॅमेरा संपला’ असं तुम्ही म्हणता. संपत नाही. शटर पडतं, फक्त प्रत्येक वेळी १/५०० ला पडतं. आता हिशेब करा. कॅमेऱ्यात ४०० एएसएचा रोल आहे (फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा हा आकडा), डोक्यावर मिरजेचं मे महिन्यातलं ऊन आहे. १/५०० ला एफ/१६ म्हणजे जवळजवळ अचूक एक्सपोजर. ढग आले तर एफ/८. वाड्याच्या सावलीत गेलात तर एफ/५.६ किंवा एफ/४. आणि लेन्स उघडते कुठपर्यंत? एफ/१.७ पर्यंत. म्हणजे सोळापासून खाली सहा-साडेसहा स्टॉप तुमच्या हातात आहेत. सूर्य मावळेपर्यंत या ‘संपलेल्या’ कॅमेऱ्यावर तुम्ही आख्खा रोल काढू शकता. संध्याकाळनंतर नाही, ते कबूल, पण तोवर एखादं दुकान उघडं सापडेल की.

अंदाजाने एक्सपोजर इलेक्ट्रोला चालतं तर कॅनोनेटलाही चालतं, असं तुम्ही लगेच लिहाल. चालतं ना. मग भांडण कशाचं आहे?

कॅनोनेटबद्दल जे तुम्ही सांगितलं नाहीत ते आता मी सांगतो. जी-थ्री १९७२ चा. शटर यांत्रिक, १/४ ते १/५०० आणि बल्ब (बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं), सेल असो वा नसो चालणार, हे शंभर टक्के खरं. पण अॅपर्चरची रिंग ‘ए’वरून, म्हणजे ऑटोवरून, काढून अॅपर्चर मॅन्युअल म्हणजे हाताने लावायला गेलात की त्याचा मीटर झोपतो. म्हणजे ज्या मॅन्युअलचं तुम्ही एवढं कौतुक करता, त्या मॅन्युअलमध्ये कॅमेऱ्यात ताजा कोरा सेल असला तरी काटा हलत नाही. नवशिक्याने व्ह्यूफाइंडरमध्ये बघायचं आणि त्याला काहीच दिसणार नाही. आधी ‘ए’वर ठेवून काट्याचा आकडा वाचायचा, लक्षात ठेवायचा आणि मग रिंग फिरवून तोच आकडा लावायचा, असा द्राविडी प्राणायाम करता येतो. मी केलाय. तोपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन निघून जातो.

आणि कॅनोनेटचा सेल? तोही पाऱ्याचाच, १.३५ व्होल्टचा, बटणासारखा. आज त्याच आकाराचा अल्कलाइन सेल मिळतो तो दीड व्होल्टचा. लोक तो घालतात, काटा हलतो, लोक खूश. मीटर मात्र असलेल्यापेक्षा जास्त उजेड आहे असं समजतो, अॅपर्चर लहान करतो आणि निगेटिव्ह पातळ निघते. सावलीतले चेहरे काळे. मुलाला वाटतं आपल्याला येत नाही. येत असतं, सेल खोटं बोलत असतो. उपाय आहे, कानाच्या यंत्रात घालतात तो ६७५ नंबरचा सेल. श्रवणयंत्राच्या दुकानात मिळतो, व्होल्टेज जवळपास बरोबर, आकाराने थोडा लहान म्हणून भोवती रबराची रिंग लावायची. पण त्याच्यावरचं स्टिकर एकदा काढलं की तो हवेने सुकत जातो, वापरा अगर नका वापरू. काही आठवड्यांत नवा आणा. इलेक्ट्रोचा सेल जातो तेव्हा निदान मागचं बटण दाबून कळतं, दिवा लागत नाही. कॅनोनेटमध्ये चुकीचा सेल घातला तर कळतं ते रोल धुऊन आल्यावर.

तेव्हा, रीळबहाद्दर, सेलशिवाय कोणता कॅमेरा चालतो हा प्रश्न हिमालयात जाणाऱ्याने विचारावा. सांगली-मिरजेत, पुण्यात, ठाण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न हा की सेल घालून कोणता कॅमेरा खरं बोलतो.

स्पीड कळत नाही, हा दुसरा आक्षेप. आकडा कळत नाही, बरोबर. पण शटरचं बटण अर्धं दाबलं की बाणांचे दिवे लागतात. लाल म्हणजे उजेड जास्त, पिवळा म्हणजे स्पीड १/३० च्या खाली गेला, आणि बाण सांगतो रिंग कुठल्या बाजूला फिरवायची. गेल्या दिवाळीत कृष्णेच्या घाटावर पणत्या लावल्या होत्या. अंधार पडत आलेला. मी एफ/२.८ ला होतो, पिवळा लागला. १.७ वर आणलं, तरीही पिवळा. म्हटलं ठीक, कोपर कठड्याला टेकवलं, श्वास धरला, बटण दाबलं. एक बारीक टिक, मग शांतता, मग दुसरी टिक. मधला वेळ किती होता मला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची गरजही पडली नाही. पणत्या आहेत तशा आल्या, पायऱ्यांवरच्या ओलीतल्या प्रकाशासकट. त्याच उजेडात कॅनोनेट ‘ए’वर ठेवला असता तर तो बटणच दाबू देत नाही, एक्सपोजर पट्ट्याबाहेर गेलं की शटरला कुलूप. मग तुम्ही मॅन्युअलवर जा, बल्ब लावा, सेकंद मोजा. तुम्ही मोजाल हो. नवशिक्या घरी जातो.

तुमचं काही मान्यच करायचं नाही असा माझा हट्ट नाही. वजनाबद्दल तुमचं खरं आहे. कॅनोनेट साधारण ६२० ग्रॅमचा, इलेक्ट्रो पाऊण किलोच्या आसपास आणि अंगानेही थोराड. गळ्यात अडकवून दिवसभर फिरलात तर मानेला कळतं. फिल्टरचंही खरं. कॅनोनेटच्या मीटरचा डोळा लेन्सच्या रिंगमध्येच आहे, त्यामुळे पिवळा फिल्टर लावला की मीटरलाही तो फिल्टर लागतो. इलेक्ट्रोचा डोळा वर, व्ह्यूफाइंडरशेजारी. त्याला फिल्टरचा पत्ताच नसतो. एक स्टॉप खाणारा फिल्टर लावलात तर एएसएची चकती ४०० वरून २०० वर आणावी लागते आणि फिल्टर काढल्यावर परत न्यायची आठवण ठेवावी लागते. क्विक लोडिंगही मला आवडतं. फिल्मची जीभ खुणेपर्यंत ओढा, झाकण लावा, झालं. इलेक्ट्रोत ती स्पूलच्या खाचेत अडकवावी लागते. पण या गोष्टी कोणी नाकारल्या होत्या? मूळ लेखात कॅनोनेट वाईट आहे असं एक तरी वाक्य दाखवा.

ऑलिम्पस ३५ एसपी लेखात का नाही? कारण लेख दोन कॅमेऱ्यांवर होता. स्पॉट मीटर आहे, लेन्स उत्तम आहे, मला माहीत आहे. मिनोल्टा हाय-मॅटिकही नव्हता, कोनिकाही नव्हता. लेख होता, कॅटलॉग नव्हता.

किमतीबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्याला उत्तर देत नाही. ऑनलाइन विक्रेते आज काय सांगतील आणि उद्या काय, त्यात मी पडत नाही. त्यापेक्षा विकत घेताना कान उघडे ठेवा. इलेक्ट्रोचा फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना आतून ‘टक्’ असा ठसठशीत आवाज आला पाहिजे. आतला एक छोटा रबरी पॅड वयानुसार विरघळतो, तो गेला की हा आवाज जातो, आणि मग दिवे व्यवस्थित लागूनही एक्सपोजर भरकटतं. आवाज आला नाही तर विक्रेत्याने कितीही ‘चालू कंडिशन’ म्हटलं तरी पैसे काढू नका. कॅनोनेटच्या बाबतीत समोरून लेन्समध्ये बघत प्रत्येक स्पीडवर शटर टाका. जुनं तेल घट्ट होऊन पाती चिकटलेली असतात, तो या कॅमेऱ्याचा नेहमीचा आजार. हे माझ्या कपाटाने मला शिकवलेलं नाही.

तुमच्या पुढच्या प्रतिक्रियेचं स्वागत आहे. कॅमेऱ्याबद्दल लिहा, माझ्याबद्दल नको. शक्य झालं तर तुमच्या कॅनोनेटवर सेलशिवाय काढलेले दोन-चार फोटोही जोडा. इतक्या ठामपणे बोलणाऱ्या माणसाचं काम बघायची मला मनापासून उत्सुकता आहे.

तुमच्याच प्रतिक्रियेखाली एका ताईंनी दोन्हींच्या फिल्टरचा साइज विचारला होता, तो गोंधळात राहून गेला. ताई, कॅनोनेटला ४८ मिलिमीटर, इलेक्ट्रोला ५५. पंचावन्नचा कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात मिळेल, अठ्ठेचाळीससाठी थोडं फिरावं लागेल.